आधी उतरवा, मग फोडा

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळी जवळ आली की सांगलीत गल्लीगल्लीत कुणाचं तरी स्वयंपाकघर नाहीतर मोरी फोडायला काढलेली असते. दारात राडारोड्याचा ढीग. माझं सांगणं एवढंच, आधी उतरवा, मग फोडा. घण पडायच्या आत चौकटी, बिजागऱ्या, कडाप्प्याच्या फळ्या सुट्या करून घ्या. एकदा घण पडला की सगळंच राडारोडा.

आता आमच्या आत्याची गच्ची ऐका. विश्रामबागेतलं घर, गच्ची गळकी. मिस्त्री म्हणाला, विटांच्या तुकड्यांचा कोबा, म्हणजे पाणी अडवणारा जाड थर करू, वर चायना मोझेक, म्हणजे फुटक्या फरशीच्या तुकड्यांची नक्षी. तुकडे म्हटल्यावर आत्या पिशवी घेऊन निघालीच! एका घरी भिंत पाडत होते, तिथल्या अर्ध्या विटा. दोन घरच्या बाथरूमच्या फरशा. रोज दुपारी फरशी गोणपाटाखाली ठेवायची आणि वरून हातोडी, म्हणजे कपऱ्या उडत नाहीत. रंगवार बादल्या भरल्या. पांढऱ्या जास्त, कारण पांढरी गच्ची उन्हात कमी तापते. मिस्त्रीनं विटा भिजवल्या, दहा फुटाला सव्वा इंच असा पन्हाळीकडं उतार काढला, तुकडे बसवून सांधे पांढऱ्या सिमेंटनं भरले.

उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका पापड वाळवायला वर आल्या. पलीकडच्या घरची सून एकदम खालीच बसली. "अगंबाई, ही हिरवी आमच्या मोरीतली! सासूबाई तर म्हणाल्या, गाडीतच फुटल्या, म्हणून चार कमी पडल्या!"

फुटल्या कुठल्या? सासूबाईंनी चार नव्याकोऱ्या फरशा गुपचूप आत्याला पोचवल्या होत्या. त्या तिथंच लाट्या करत बसलेल्या. मान वर न करता म्हणाल्या, "रंग बघ की तो. त्यापेक्षा शेवाळ बरं."

त्या गच्चीवर अजून प्रत्येक बाई आपापल्या घरची फरशी दाखवते. आणि गच्ची गळत नाही, हे सांगायचं राहिलंच.

लाकडाचं म्हणाल तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, ते आपण विसरलेलो नाही. पाणी ओसरल्यावर भुश्श्याच्या बोर्डाची कपाटं पुरीसारखी फुगलेली, आणि सागवानी दारं धुऊन, सावलीत वाळवून परत बसली. तरी लोक सागवान भंगारात घालतात आणि चकचकीत बोर्ड आणतात. वर पीओपीचं खोटं छत! पालींची सोय, दुसरं काय.

बाकी थोडक्यात. उघड्या पोत्यातलं गाठी झालेलं सिमेंट कशालाच वापरू नका. बंद पोतंही तीन महिन्यांपेक्षा जुनं असेल तर कामाआधी तपासून घ्या. उरलेला रंग गटारीत ओतू नका. जुने सिमेंटचे पन्हाळी पत्रे फोडू नका, कापू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. आणि राडारोडा रस्त्यावर, ओढ्यात टाकायचा नाही, वेगळा ठेवायचा, हे २०१६ च्या नियमांतच आलं होतं. म्हणून पुन्हा सांगतो, आधी उतरवा, मग फोडा.

नव्या फरशीचीही एक पेटी माळ्यावर ठेवा. पेटीवरचा शेड आणि बॅचचा नंबर फाडू नका. पुढं एखादी तडकली तर दुकानदार आधी तोच विचारतो.