तार एकाची, धंदा कितीजणांचा?

मंडळी, आपल्या बाजार समितीत कांदा उतरतो. अडते अनेक, आवार समितीचं. समजा, उद्या ते आवारच एका अडत्यानं विकत घेतलं. बाकीच्यांना तो आत येऊ देईल का? दिलंच, तर भाडं किती लावेल आणि कुणाची गाडी आधी खाली करेल? ब्रॉडबँडच्या ‘ओपन ॲक्सेस’ कायद्यांचं भांडण हेच आहे. घरात आलेली तार एका कंपनीची; तिच्यावरून दुसऱ्यानं इंटरनेट विकायचं का, आणि कुठल्या दरानं?

हे भांडण खरं रंगलं अमेरिकेत. 1996 च्या कायद्यानं जुन्या टेलिफोन कंपन्यांना घरापर्यंतची तांब्याची तार प्रतिस्पर्ध्यांना भाड्यानं देणं भाग पाडलं. केबल टीव्हीची तार मात्र त्यातून सुटली. तेव्हा पोर्टलंड शहर पुढं सरसावलं. एटी अँड टी ही बडी टेलिफोन कंपनी तिथलं केबलचं जाळं विकत घेत होती. शहरानं अट घातली, परवाना हवा तर तुमच्या तारेवर इतरांनाही जागा द्या. कंपनी कोर्टात गेली. खालच्या कोर्टात शहर जिंकलं, 2000 साली अपिलात हरलं. कारण ऐका: केबलवरचं इंटरनेट ही दूरसंचार सेवा आहे, म्हणून शहराला तिच्यावर अशी अट घालता येत नाही! बरं, मग केंद्राच्या दूरसंचार आयोगानं (एफसीसी) तरी तार खुली करावी? आयोगानं 2002 मध्ये ठरवलं, ही दूरसंचार सेवा नव्हेच, ‘माहिती सेवा’ आहे; म्हणजे दूरसंचाराची बंधनं तिला लागू नाहीत. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. शहराच्या हातून गेलं, आयोगानं सोडून दिलं. त्याच वर्षी टेलिफोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडलाही तीच मोकळीक मिळाली.

ब्रिटननं दुसरी वाट धरली. बीटी या तिथल्या जुन्या टेलिफोन कंपनीच्या तारा सांभाळायला 2006 मध्ये ‘ओपनरीच’ हा वेगळा विभाग झाला, सगळ्यांना सारख्याच अटींवर तार देणारा. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम तर त्याआधीच, 1994 मध्ये, आणखी पुढं गेलं होतं. तिथं महापालिकेची ‘स्टोकॅब’ कंपनी नुसती फायबर टाकते आणि मागेल त्याला भाड्यानं देते. घरोघरी इंटरनेट विकायला स्वतः बसत नाही. मला विचाराल तर खरी गोम इथंच आहे. जो स्वतः ग्राहकाला विकतो, तो प्रतिस्पर्ध्याला तार देताना हात आखडताच घेणार.

आपल्याकडं ट्राय या दूरसंचार नियामकानं 2004 मध्ये बीएसएनएल-एमटीएनएलच्या तारा इतरांना खुल्या करा, अशी शिफारस केली होती. त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणानं ती सक्ती केली नाही. विषय तिथंच निजला.

आणि नुसता हक्क मिळून भागत नाही, हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कारखानदारांना मी काय सांगावं? 2003 च्या वीज कायद्यानं मोठ्या ग्राहकाला दुसऱ्याकडून वीज घ्यायची मुभा दिली. पण वहन आकार, म्हणजे तारेचं भाडं, वर क्रॉस सबसिडीचा अधिभार, म्हणजे इतरांची वीज स्वस्त ठेवण्यासाठीची वसुली, जोडला, की स्वस्त विजेचा हिशेब कसा फिरतो, ते त्यांना विचारा. तारेचं भाडं ठरवणारा कोण, यावरच सगळं अवलंबून.

2023 च्या दूरसंचार कायद्यात एक कामाची तरतूद आहे: केंद्र सरकार पायाभूत सुविधांच्या प्रकल्पांमध्ये सामाईक डक्ट टाकायला लावू शकतं आणि ते सगळ्यांना खुले ठेवायचे. डक्ट म्हणजे तार नव्हे, नुसती तिची नळी. पण रस्ता खणण्याचा खर्च त्या नळीतच वाचतो. तेव्हा होटगी रोड असो की जुळे सोलापूर, पुढच्या वेळी जेसीबी दिसला की आपल्या नगरसेवकाला एवढंच विचारा: नळी किती जणांच्या तारांना पुरेल अशी टाकताय, आणि तिचं भाडं कोण ठरवणार?