रुळाकाठची जोडणी

[दृश्य : चंद्रपूर जिल्हा. कोळशाने भरलेली मालगाडी संथपणे पुढे सरकते.]

प्रत्येक वाघिणीच्या, म्हणजे मालगाडीच्या डब्याच्या, अंगावर 11 आकडी नंबर असतो. प्रकार, मालक रेल्वे, बांधणीचं वर्ष, तिचा स्वतःचा क्रमांक, आणि शेवटी एक आकडा फक्त चूक पकडण्यासाठी. कोळशाच्या एका रेकमध्ये अशा 58-59 वाघिणी, म्हणजे 600 मीटरहून लांब गाडी. ट्रेन्स क्लार्क, म्हणजे गाडीतल्या डब्यांची नोंद ठेवणारे कारकून, रात्री टॉर्च घेऊन खडीवरून चालत आणि काळवंडलेल्या पत्र्यावरचे हे नंबर एकेक करून उतरवून घेत.

[दृश्य : वाघिणीवरचा टॅग, जवळून.]

आता हा नंबर या RFID टॅगमध्ये, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणाऱ्या पट्टीत, आहे. याला बॅटरी नाही. रुळाकाठच्या अँटेनातून 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या लहरी येतात, त्यांच्याच ऊर्जेवर टॅग जागा होतो आणि त्याच लहरींवर आपला नंबर चढवून परत पाठवतो. गाडी ताशी 100 किलोमीटरने गेली, तर अँटेनासमोर त्याला सेकंदाचा जेमतेम दहावा भाग मिळतो.

[दृश्य : खांब, पेटी. केबल सोलणारे हात.]

वाघिणींना टॅग लावण्याच्या रेल्वेच्या या प्रकल्पात चर्चा होते ती टॅगची. खरं कसब इथे आहे, या हातांत.

अँटेनाकडून रीडरकडे, म्हणजे टॅगचा नंबर वाचणाऱ्या यंत्राकडे, येणारी ही कोअॅक्सिअल केबल. बोटाएवढी जाड आणि चांगल्या प्रतीची असली, तरी साधारण 23 मीटरमध्ये निम्मी शक्ती तिच्यातच जिरते. म्हणून रीडरची पेटी खांबाला लागून. वरचं आवरण काढताना आतल्या जाळीची एक तारही तुटता कामा नये. कनेक्टर क्रिम्प केला, म्हणजे दाबून घट्ट बसवला, की त्यावर रबरी टेप ताणून, पदरावर पदर चढवत गुंडाळायची. आत ओल शिरली, तर बिघाड लगेच कळत नाही. वाचन हळूहळू कमी होत जातं आणि दोष टॅगला दिला जातो.

पेटीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ दिलाय, तो पाहा. विदर्भाच्या पावसात पाणी केबलवरून ओघळत येतं, ते या झोळाच्या तळाशी गळून जातं. पेटीत जात नाही.

[दृश्य : वर ओव्हरहेड वायर, खाली अर्थिंगची पट्टी.]

डोक्यावर 25,000 व्होल्ट. खांब, पेटी, केबलचं कवच, सगळं अर्थिंगला बांधलेलं. अँटेनाच्या वाटेवर वीज पडण्यापासून संरक्षण देणारा सर्ज अरेस्टर. आधी अँटेना जोडायचे, मगच रीडरला वीज द्यायची. हा क्रम मोडायचा नाही.

[दृश्य : ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून कामासाठी दिलेला वेळ, मिळाला. लुकआउट मॅन, तोंडात शिट्टी. रुळाला सेन्सर आवळला जातो.]

हे व्हील सेन्सर. चाक वरून गेलं की रीडरला इशारा. दोन सेन्सर असल्याने गाडीची दिशा कळते आणि आसही मोजले जातात. या वाघिणीला चार आस. चार आस गेले आणि नंबर आला नाही, तर टॅग निकामी झालाय किंवा पडलाय, हे तिथेच समजतं.

[दृश्य : मालगाडी. पडद्यावर नंबर उमटत जातात.]

हे नंबर मालवाहतुकीच्या संगणक प्रणालीत जातात. मार्च 2021 पर्यंत सुमारे 23,000 वाघिणींना टॅग लागल्याचं रेल्वेने सांगितलं होतं. ट्रेन्स क्लार्कचं कामही यामुळे बदलतंय.

[दृश्य : रुळापलीकडचा दुसरा खांब.]

टॅग वाघिणीच्या दोन्ही बाजूंना असतो. पलीकडच्या अँटेनाची केबल रुळाखालच्या पाइपातून ओढायची आहे. ते काम पुढच्या ब्लॉकमध्ये.