रस्ता क्रमांक 3 आणि एक टिटवी

(दृश्य : रस्त्याकडेचे फलक, मागे माळ)

दिवेघाट चढून सासवडकडे निघालं, की दोन्ही अंगांना फलक सुरू होतात. एनए प्लॉट. क्लिअर टायटल. बँक लोन उपलब्ध. या फलकांच्या मागे जो माळ दिसतो, त्यातल्या बऱ्याचशा जमिनीची सातबाऱ्यावर पोटखराबा अशी नोंद असते. म्हणजे पिकाखाली न येणारी जमीन. मुरूम, कुसळी गवत, मध्येच एखादं बोरीचं झाड. महसुलाच्या हिशेबी इथे काहीच नाही.

टिटवीला नेमकं हेच लागतं. उघडी जमीन, लांबवर नजर जाईल अशी. झाडावर ती घरटं बांधत नाही. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत कधीतरी अशा माळावर पायाने उथळ खळगा करायचा, भोवती चार खडे सरकवायचे, की झालं घर. आपल्याकडे प्लॉटिंगच्या कामांनाही हेच महिने सोयीचे. पाऊस लागायच्या आत सपाटीकरण उरकायचं असतं.

(दृश्य : जेसीबी आणि टिटवी)

हा जेसीबी रस्ता क्रमांक 3 ची आखणी साफ करतोय. चुन्याच्या दोन फक्क्यांमधून मुरूम खरवडत पुढे येतोय. आणि ही टिटवी. पंख पसरलेत, मान पुढे काढलीय. बकेट मागे गेलं की दोन पावलं मागे होते, पुढे आलं की पुन्हा समोर.

(इथे निवेदन नाही. टिटवीचा आणि इंजिनाचा आवाज तसाच ठेवावा.)

टिटवी ओरडते, त्यात नवल काही नाही. माळावर कुत्रं आलं तरी ओरडते, माणूस आला तरी ओरडते. रात्री ओरडली तर आपण अपशकुन म्हणून मोकळे होतो. त्यामुळे तिच्या ओरडण्याकडे साइटवर कुणी लक्ष देत नाही. लक्ष दिलं ते पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या, सिमेंटच्या गोण्यांची राखण करणाऱ्या मावशींनी. “भाऊ, थांब जरा. अंडी घातल्यात तिनं तिथं.” ऑपरेटर खाली उतरला. त्याला दिसेनात. मावशींनी बोट दाखवलं तरी दिसेनात.

(दृश्य : अंडी, जवळून)

तुम्हीही शोधून बघा. चार अंडी आहेत. मातकट रंग, त्यावर काळपट डाग. निमुळती टोकं आतल्या बाजूला, रुंद बाजू बाहेर, म्हणजे चारही अंडी छातीखाली नीट बसतात. शेजारचा खडा आणि अंडं यांत फरक आहे तो एवढाच, की अंड्याला कोपरे नाहीत. हा वेष कोल्ह्याला चकवण्यासाठी उत्तम आहे. पोकलेनच्या साखळीपुढे त्याचा काय उपयोग?

एप्रिलच्या दुपारी या मुरमावर अनवाणी उभं राहून दाखवा. अशा वेळी अंडी उबवणं म्हणजे खरं तर ती भाजू न देणं. नर-मादी आळीपाळीने बसतात आणि भर उन्हात अंड्यांवर सावली धरतात. आता हे बघा. बोअरवेलच्या पाइपाखाली साचलेल्या पाण्यात ही टिटवी उतरलीय. पाणी पीत नाहीये. पोटाची पिसं भिजवतेय. पुन्हा बुडी, पुन्हा झटका. मग चालत परत येते, उडत नाही, आणि ओलं पोट अंड्यांवर टेकवते. दुपारभर या खेपा चालतात. साइटवर माणसांसाठी आणलेल्या पाण्याचा एवढा चांगला उपयोग आणखी कुणी केला नसेल.

(दृश्य : सळया रोवताना)

मग जे काम झालं, ते साधं होतं. घरट्याच्या भोवती, चांगलं अंतर सोडून, चार सळया ठोकल्या. त्यांना लाल-पांढरी पट्टी बांधली. सुपरवायझरने कामाचा क्रम बदलला : आधी रस्ता 5 आणि 6, मग पाण्याच्या टाकीचा पाया, रस्ता 3 सगळ्यात शेवटी. डंपरना वळसा घालायला लावला. रोलर त्या बाजूला आणायचा नाही असं ठरलं. अंडी उचलून कडेला ठेवू, असंही एक जण म्हणाला, पण तसं करायचं नसतं. जागा बदलली की जोडी घरटं सोडून देण्याचा धोका असतो. शिवाय माणसांची वर्दळ बघून कावळ्यांनाही पत्ता लागतो. म्हणून आमचाही कॅमेरा लांब, पत्र्याच्या आडोशाला.

अंडी फुटायला साधारण चार आठवडे लागतात. बांधकामाच्या वेळापत्रकात चार आठवडे म्हणजे काय, हे ज्यांनी घर बुक केलंय त्यांना विचारा.

(दृश्य : ड्रेनेजचा चर)

पट्टीच्या पलीकडे ड्रेनेजसाठी खणलेला हा चर. त्याच्या उभ्या मातीत हे भोक दिसतंय? मुठीएवढंही नाही. हा वेडा राघू. हिरवागार, शेपटीतून दोन काड्या निघालेला. मऊ मातीत चोचीने आणि पायाने बोगदा करतो, हातभर किंवा त्याहून लांब, आणि पिल्लं आत अंधारात वाढतात. चर खणल्यावर पाइप यायला उशीर झाला, तेवढ्यात याने ताबा घेतला. चोचीत चतुर धरून तारेवर बसलाय, म्हणजे आत खाणारी तोंडं आहेत. चराचा तेवढा तुकडा बुजवायचा राहू दिला. पाइप दोन्ही बाजूंनी येऊन थांबलेत.

(दृश्य : साइट, वरून)

हे सगळं मर्जीवर चाललंय असं वाटेल. तसं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांची अंडी आणि घरटी नष्ट करणं, एवढंच काय, त्यांना त्रास देणंही येतं. बंदूक लागत नाही. पण काम सुरू करण्याआधी माळावर फेरी मारून घरटी शोधायची कुणी? 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते ती 20,000 चौरस मीटर बांधकामापासून पुढे, किंवा 50 हेक्टरपासूनच्या क्षेत्रविकासाला. गावोगावचं प्लॉटिंग या दोन्हींच्या खालून निसटतं. इथे मोजणीदार येतो, त्याच्याकडे झाडांची यादी असते, विहिरींची असते. जमिनीवरच्या घरट्यांसाठी त्याच्या कागदावर रकाना नाही. एक रकाना वाढवायला काय लागतं?

फेरी न मारल्यावर काय होतं, ते 1 सप्टेंबर 2022 ला केरळात दिसलं. मलप्पुरम जिल्ह्यात महामार्ग रुंदीकरणासाठी घरट्यांनी भरलेलं झाड यंत्राने पाडलं. पिल्लं रस्त्यावर पडली. कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं म्हणून गुन्हा दाखल झाला. तो महामार्ग 66. पनवेलहून निघून कोकणातून जातो, तोच.

(दृश्य : पिल्लं)

पहिलं अंडं पहाटे फुटलं. दुपारपर्यंत तीन पिल्लं. चौथं बाहेर आलं तेव्हा कॅमेरा बंद होता. टिटवीचं पिल्लू घरट्यात लोळत बसत नाही. अंग वाळलं की चालायला लागतं. आईने एक हाक दिली, की जिथे असेल तिथे मुरमाला चिकटतं. बघा, इथे तीन आहेत.

(तीन सेकंद थांबावे. मग आईची दुसरी हाक.)

उडता यायला त्यांना आणखी पाचेक आठवडे लागतील. पण चालता येतंय, म्हणजे यंत्रापुढून सरकता येतंय. मावशींच्या सांगण्यावरून कंपाउंडच्या भिंतीत पाणी जायच्या भोकांपैकी दोन जमिनीलगत आणि जरा मोठी ठेवली.

आठवडाभराने सळया काढल्या. रस्ता क्रमांक 3 वर मुरूम पडला, रोलर फिरला, पावसाच्या आत खडीही झाली. टिटव्या पिल्लांना घेऊन भिंतीपलीकडच्या गटात, म्हणजे शेजारच्या जमिनीत, गेल्या आहेत. त्या गटाचीही मोजणी झाली आहे.