सूर्यावर डाग नाही, मग वहीत काय लिहायचं?

नमस्कार मंडळी! इंदूरहून, आमच्या गच्चीवरून. मागे कुकर वाजतोय, चालवून घ्या.

सौरडाग, म्हणजे सूर्यावरचे काळे ठिपके, रोज मोजून वहीत लिहायचे, त्या मागच्या व्हिडिओवर एकच प्रश्न सारखा येतोय: "दादा, आज डाग दिसला नाही, वहीत काय लिहू?" आज तेवढंच बोलतो. दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, प्रतिमा कागदावर पाडायची, हे तुम्हाला पाठ आहे. मोजणीही सोपी: डागांचे गट गुणिले दहा, अधिक एकूण सगळे डाग. एकुलता एक डाग असेल तर तोही एक गट धरायचा, म्हणून आकडा अकरा. कमेंटमध्ये भांडणारे काका, सूत्र स्विस खगोलशास्त्रज्ञ वोल्फचं आहे हो, १८४८चं, माझं नाही!

तर सूर्य पाहिला, डाग नव्हता: शून्य. ढग होते, पाहिलाच नाही: रेघ.

माझाच गाढवपणा ऐका. बाबांच्या जुन्या वह्या एक्सेलमध्ये चढवताना जुलै-ऑगस्टच्या कोऱ्या रकान्यांत मी बिनधास्त शून्यं भरली. आलेख काढला, तर दर पावसाळ्यात सूर्य लख्ख! मला वाटलं, शोधच लागला. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, "अरे, जुलैत आपल्याकडे सूर्य दिसतो कधी?"

हसू नका, हे मोठ्यांचंही झालंय. १६४५ ते १७१५ सूर्य फार शांत होता, तोच माउंडर मिनिमम. पण १९९८ साली हॉयट आणि शॅटन या संशोधकांनी जुन्या नोंदी जुळवल्या, तेव्हा "इतक्यात डाग दिसले नाहीत" अशा मोघम वाक्यांवरून ओळीने दिवसच्या दिवस शून्य धरले गेले. पुढच्या संशोधकांना ती शून्यं निस्तरावी लागली.

आणि श्वाबे बघा. जर्मनीतला औषधविक्या, बुधापेक्षाही सूर्याजवळचा ग्रह शोधायला १८२६पासून सूर्याच्या मागे लागला. ग्रह काही सापडला नाही, डाग वाढण्या-घटण्याचं साधारण दहा वर्षांचं चक्र सापडलं. त्याच्या तक्त्यात १८४३ समोर काय आहे? गट ३४, बिनडागाचे दिवस १४९, आणि पाहिलेले दिवस ३१२. तो शेवटचा रकाना! ३१२ नसता तर १४९ला काय अर्थ उरला असता?

"एवढी शून्यं लिहून मिळतं काय?" असंही एका ताईंनी विचारलंय. ताई, २०१९च्या डिसेंबरात माझं अख्खं पान शून्यांचं होतं. डागांचं चोविसावं चक्र (या चक्रांना क्रमांक देतात) संपून पंचविसावं सुरू झालं, ते तेव्हाच.

हो, पेन्सिलनेच लिहा. माझी जेल पेनची दोन पानं एका सरीत धुऊन गेली. वेळ आणि तारीखही घाला. मला फोटो पाठवाल तर पूर्ण पानाचा पाठवा, नुसत्या डागाचा झूम नको.