पेटीची किल्ली

[दृश्य: पऱ्हाटीच्या वावरातली पायवाट, पाठीवर दप्तर]

यवतमाळ जिल्हा, केळापूर तालुका. पोडावरून हायस्कूल चार किलोमीटर. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. घरात बोलतात ती कोलामी, म्हणजे तेलुगू-गोंडीच्या कुळातली भाषा. मराठी हा पोरगा शाळेत शिकला. धडा वाचताना ‘घर’चं जरासं ‘गर’ होतं, आणि मागच्या बाकावरून दिवसभर तेवढंच ऐकू येतं. ‘गर! ए गर!’ वर्गात आता त्याचं हेच नाव.

[दृश्य: मधली सुट्टी, हापशी]

हापशीला दोघं लागतात. एकानं दांडा मारायचा, दुसऱ्यानं ओंजळ धरायची. तो सगळ्यांसाठी दांडा मारतो. बघा, सहा जण पिऊन गेले. आता त्याची पाळी, आणि दांड्याशी कुणीच नाही. तो स्वतःच चार वेळा दांडा मारतो, धावत तोंडाशी येतो. तोवर धार संपत आलेली असते. पुन्हा दांडा, पुन्हा धाव. आम्ही तीन दिवस इथं कॅमेरा लावला होता. पोरांना तो दिसत होता, तरी दांड्याला कुणी हात लावला नाही.

शिक्षकांना विचारलं. ‘पोट्टेच आहेत, चालतेच एवढी मस्ती.’

दिवाळीनंतर दोन आठवडे तो शाळेत आला नाही, कापसाच्या वेचणीला गेला. आता येतो.

[दृश्य: कार्यालयाबाहेरची तक्रारपेटी]

शाळाशाळांत तक्रारपेटी बसवा, असं शासनानं २०१७ मध्ये सांगितलं. इथं पेटी आहे. फटीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलंय. किल्ली कुणाकडे, कार्यालयात कुणालाच सांगता आलं नाही.

ही किल्ली महत्त्वाची आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा. लोक तो कॉलेजापुरता समजतात. पण शिक्षण देणारी कुठलीही संस्था त्यात येते, वसतिगृहसुद्धा. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक, कुणीही लेखी तक्रार दिली की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची. टाळली, तर रॅगिंगला त्याचीच साथ होती असं कायदा धरतो. गुन्हा शाबीत झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना कैदेत घाला, असं इथं कुणीच म्हणत नाही. चौकशी तरी करा, एवढंच म्हणणं आहे. पण सगळं ‘लेखी’ या एका शब्दावर अडतं, आणि लिहिलेलं टाकायची जागा ही.

[दृश्य: शिपाईकाका, हातोडी]

मुख्याध्यापकांनी कुलूप तोडायला सांगितलं. आत वाळकी माती निघाली, मेलेल्या अळ्या आणि दोन चिठ्ठ्या. एकीची शाई पार उडालेली. दुसरी पेन्सिलीनं लिहिलेली, म्हणून टिकली.

‘सर हापशीवर पानी पिऊ देत नाही. आठवी.’

नाव नाही, तारीख नाही. अक्षर कुणाचं, ते आम्ही विचारलं नाही. मुख्याध्यापकांनी चिठ्ठी आवक नोंदवहीत चढवली, शिक्का मारला. सात दिवस आजपासून धरायचे.

[दृश्य: हापशी, रिकामं पटांगण]