नंबर आधी, बारसं नंतर

(दृश्य: पहाट. जंगलाच्या कडेला पत्र्याचं छप्पर असलेली पडवी. आडव्या बांधलेल्या दोऱ्या.)

कपडे वाळत घालावेत तशा या पिशव्या दोरीला लटकवल्या आहेत. साध्या, पारदर्शक, प्लास्टिकच्या. प्रत्येकीत एक डहाळी, चार-सहा पानं, आणि पानांवर एकच अळी. बाहेर नंबर लिहिलेला. आधी वर्षाचे दोन आकडे, मग एस-आर-एन-पी ही चार अक्षरं, म्हणजे सांता रोसा राष्ट्रीय उद्यान, आणि शेवटी त्या अळीचा स्वतःचा क्रमांक.

हा नंबर पुन्हा कोणत्याही अळीला मिळणार नाही. ती कोणत्या झाडावर सापडली, कोणत्या दिवशी, कुठे, कुणाला दिसली, हे सगळं या नंबरापुढे लिहिलेलं आहे. एक रकाना मात्र रिकामा आहे: यातून काय बाहेर आलं?

तो भरायला कधी दोन आठवडे लागतात, कधी काही महिने.

(दृश्य: वरून दिसणारं जंगल, मागे ज्वालामुखींची रांग, पुढे समुद्र.)

हा कोस्टा रिकाचा वायव्य कोपरा, ग्वानाकास्ते. पॅसिफिकच्या किनाऱ्यापासून ज्वालामुखींच्या माथ्यापर्यंत आणि तिथून पलीकडच्या सदाहरित जंगलात उतरणारं हे संरक्षित क्षेत्र जमिनीवर सुमारे १,२०,००० हेक्टर पसरलं आहे. किनाऱ्याकडचा भाग कोरड्या पानझडी जंगलाचा. विदर्भातल्या सागाच्या रानात उन्हाळ्यात फिरलेल्या माणसाला पायाखालचा हा पाचोळ्याचा आवाज लगेच ओळखू येईल. महिनोन्‌महिने झाडं उघडी असतात. मे महिन्यात पाऊस येतो, कोवळी पालवी फुटते, आणि त्या पालवीवर अळ्यांची झुंबड उडते.

१९७८ साली डॅनियल जॅन्झन नावाचा अमेरिकन परिस्थितिकी-शास्त्रज्ञ इथे घळीत पडला. गळ्यातल्या कॅमेऱ्याची लांब लेन्स छातीत घुसून तीन बरगड्या मोडल्या. दवाखाना लांब, रस्ता धड नाही. त्याने पडवीतल्या झुलत्या खुर्चीला चादरीने स्वतःला घट्ट बांधून घेतलं आणि जवळजवळ महिनाभर तो तसाच बसून राहिला. रात्री जेमतेम दोन तास वीज यायची. डोक्यावर पंचवीस वॅटचा एक दिवा. त्या दिव्याने बोलावलेल्या पतंगांनी मागची भिंत भरून जायची, इतकी की भिंत दिसायची नाही.

हलता येत नसलेल्या माणसाने तेव्हा ती भिंत नीट पाहिली. एवढे पतंग येतात कुठून? यातला प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या झाडाची पानं खाऊन मोठा झाला असणार. कोणत्या? या प्रश्नामागे तो आणि त्याची जोडीदार विनी हालवॉक्स यांनी आयुष्य घातलं.

(दृश्य: संग्रहालयातला खण. टाचणीला टोचलेली फुलपाखरं, ओळीने.)

टाचणीवरच्या फुलपाखराला, तू लहानपणी काय खाल्लंस, असं विचारता येत नाही. उत्तर-दक्षिण अमेरिका खंडांतल्या कीटकांचा अभ्यास बराच काळ या टाचणीवर चालला. १८४८ ते १८५९ अशी अकरा वर्षं हेन्री वॉल्टर बेट्स ॲमेझॉनच्या काठाने राहिला. त्याने १४,७१२ प्रजातींचे नमुने जमवले, बहुतेक कीटकांचे, आणि त्यातल्या सुमारे ८,००० विज्ञानाला नव्या होत्या. एका माणसाच्या हातून एवढं काम झालं हे आजही थक्क करतं. पण इंग्लंडला पोचलेल्या पेट्यांमध्ये बहुतेक पूर्ण वाढलेले कीटक होते. बालपण जंगलातच राहिलं.

बालपणापासून सुरुवात करणारी एक बाई मात्र त्याच्याही दीडशे वर्षं आधी होऊन गेली.

(दृश्य: शंकासुराची फांदी, फुलं, शेंगा.)

हे झाड तुमच्या ओळखीचं आहे. आपल्याकडे शाळेच्या कुंपणाला, बंगल्याच्या फाटकापाशी, लाल-पिवळा शंकासूर असतोच. १६९९ साली मारिया सिबिला मेरियन आपल्या धाकट्या मुलीला घेऊन ॲम्स्टरडॅमहून दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली, तेव्हा तिने हे झाड तिथे रंगवलं. वय बावन्न. प्रवासासाठी स्वतःची चित्रं आणि संग्रह विकलेला. तिने अळ्या घरी आणल्या, पाळल्या, त्यांना ज्याचं त्याचं पान खाऊ घातलं आणि कोषातून काय निघतं ते रोज पाहिलं. मग एकाच कागदावर झाड, अळी, कोष आणि फुलपाखरू. आज आपल्याला हे साधं वाटतं. त्या काळी किडे चिखलातून, कुजक्या मांसातून आपोआप उपजतात असं मानणारे पुष्कळ होते.

शंकासुराच्या चित्रासोबत तिने लिहून ठेवलं आहे की मळ्यांवरच्या गुलाम बायका या झाडाच्या बिया वापरून गर्भ पाडत, आपलं मूल गुलामीत जन्माला येऊ नये म्हणून. आणि ही गोष्ट त्या बायकांनीच आपल्याला सांगितली, असंही लिहिलं आहे. रानात तिच्यासाठी वाट काढणारे, अळ्या आणून देणारे हात स्थानिक आदिवासींचे आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे होते. १७०५ साली तिचा ग्रंथ छापून निघाला. मेरियनचं नाव राहिलं. त्या हातांची नावं राहिली नाहीत. हे मनात ठेवा, आपण पुन्हा इथे येणार आहोत.

(दृश्य: रबरी बूट, कमरेला कोयता, पिशव्यांची जुडी. माणसं रानात शिरतात.)

ग्वानाकास्तेत जॅन्झन आणि हालवॉक्स यांच्या लक्षात आलं की हे दोघांचं काम नाही, आणि परदेशातून सुट्टीत येणाऱ्या विद्यार्थ्यांचंही नाही. अळ्या वर्षभर असतात. रोज शोधायला हवं, रोज पिशव्या साफ करायला हव्यात, रोज ताजी पानं आणायला हवीत. मग त्यांनी आसपासच्या गावांतली माणसं घेतली. गुराखी, शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बायका. शिक्षण बेताचं, पण झाडांची ओळख लहानपणापासूनची. १९८९ पासून त्यांना रीतसर प्रशिक्षण मिळू लागलं आणि पगाराची नोकरी. डॉक्टरांच्या बरोबरीने पॅरामेडिक असतात, तसे वर्गीकरण करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या बरोबरीने हे पॅराटॅक्सॉनॉमिस्ट. स्थानिक स्पॅनिशमध्ये त्यांना ‘गुसानेरो’ म्हणतात. अळीवाले.

अळीवाल्याचं काम एकदा जवळून पाहा. तो अळी शोधत नाही, आधी पान पाहतो. कडेने कुरतडलेलं आहे का, मधोमध भोक आहे का, पान दुमडून रेशमाने शिवलं आहे का. मग खाली जमिनीवर लेंड्या. मग अळी. पिशवीत घालताना झाडाचं नाव चुकून चालत नाही, कारण दुसऱ्या झाडाचं पान दिलं तर ती उपाशी मरेल. या माणसांनी आणि बायकांनी साडेतीन दशकांत पाच लाखांहून जास्त जंगली अळ्या अशा वाढवल्या. कागदावर हा नुसता आकडा वाटतो. पाच लाख वेळा कुणीतरी वाकलं, पान उलटलं आणि नंबर लिहिला.

(दृश्य: गडद पंखांचं फुलपाखरू. उडताना पंखांच्या मुळाशी निळा झळाळ.)

आता या फुलपाखराकडे पाहा. अ‍ॅस्ट्रॅप्टेस फुल्गरेटर. दोन्ही शब्दांच्या मुळाशी वीज आहे, एकात ग्रीक, एकात लॅटिन. बसलेलं असताना तपकिरी, उडालं की निळी वीज चमकते. १७७५ साली युरोपात त्याचं वर्णन झालं, नाव पडलं. संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागापासून थेट उत्तर अर्जेंटिनापर्यंत सापडणारं, नेहमीचं, माहीत असलेलं फुलपाखरू. सव्वादोनशे वर्षं कुणाला त्याबद्दल शंका आली नाही.

शंका पिशव्यांनी काढली. एका झाडावरून आणलेल्या अळीच्या अंगावर पिवळी वलयं, दुसऱ्या झाडावरची निराळीच, तिसरीवर अंडाकृती ठिपके. निघणारं फुलपाखरू मात्र तेच. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले या गटाचे जाणकार जॉन बर्न्स यांनी जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, कारण दिसायला सारखे कीटक बहुधा तिथे वेगळे निघतात. तिथेही फरक नव्हता.

तोवर कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात पॉल हेबर्ट यांनी एक कल्पना मांडली होती. साल २००३. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियातल्या एका ठरावीक जनुकाचा साधारण साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि त्यावरून प्रजाती ओळखायची. दुकानातल्या मालावरच्या पट्ट्यांसारखं, म्हणून नाव डीएनए बारकोड. त्यासाठी फुलपाखराचा एक पाय पुरतो. ग्वानाकास्तेहून पाय ग्वेल्फला गेले. साडेचारशेहून जास्त फुलपाखरांचे.

२००४ साली निकाल छापून आला. एक फुलपाखरू नव्हतंच ते. एकट्या त्या परिसरात किमान दहा प्रजाती होत्या. एकाच रानात उडणाऱ्या, पण बहुतेकींचं झाड वेगळं, अळी वेगळी, कुणाला कोरडं रान मानवणारं, कुणाला ओलं.

गावात एकाच नावाचे तिघे असले की आपण ‘वडापाशी राहणारा’ म्हणून एकाला ओळखतो. इथेही तेच झालं. ट्रिगोनियाच्या वेलीवर वाढणाऱ्याला ‘ट्रिगो’, लोंकोकार्पसच्या झाडावरच्याला ‘लोंको’, सेल्टिसवरच्याला ‘सेल्ट’. अशी दहा टोपणनावं. शास्त्रात ती चालत नाहीत. प्रजातीला रीतसर नाव द्यायचं तर वर्णन छापावं लागतं, आणि नावाचा आधार म्हणून एक विशिष्ट नमुना कायमचा संग्रहालयात ठेवावा लागतो. नेमक्या दहाच प्रजाती आहेत का, यावरही वाद झाला. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं होतं. या दहांना सहा वर्षं थांबावं लागलं. २०१० साली नावं दिली ती दुसऱ्याच अभ्यासकाने, ज्याने आधी त्या आकड्यावर शंका घेतली होती.

नावाची एवढी घाई कशाला, असं वाटेल. कारण सगळीकडे सापडणाऱ्या एका फुलपाखराची कुणी काळजी करत नाही. एकाच वेलीवर जगणाऱ्याची करावी लागते. तो वेल तुटला की ते गेलं, आणि त्याला नावच नसेल तर काय गेलं हेही सांगता येत नाही.

(दृश्य: पिशवी जवळून. अळी निपचित. तिच्या अंगाला तांदळाच्या कणीएवढे पांढरे कोष.)

कधी कधी फुलपाखरू येतच नाही. काही मिलिमीटर लांबीच्या गांधीलमाशीने या अळीत अंडी घातली होती. पिल्लं आतून वाढली, बाहेर पडली, त्यांनी कोष विणले. फुलपाखरं पाळणाऱ्याला हे अपयश वाटेल. इथे तो रिकामा रकाना भरला जातो: अमुक झाड, अमुक अळी, अमुक गांधीलमाशी. तीन जिवांचं नातं एका ओळीत.

अशा ३,२०० हून अधिक अळ्यांतून निघालेल्या अपँटेलिस गटातल्या गांधीलमाश्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात १८६ नव्या प्रजाती होत्या. १८६ नावं आणायची कुठून? त्या नावांची यादी वाचताना मला भरून आलं. त्यातली कितीतरी नावं या जंगलात काम करणाऱ्या साध्या माणसांची आहेत. कुणी अळ्या पाळणारी, कुणी तिथल्या कचेरीत हिशेब ठेवणारी. मेरियनच्या ग्रंथात जी जागा रिकामी राहिली होती, ती तीनशे वर्षांनी अशी भरली गेली. प्राणिशास्त्राच्या नियमांप्रमाणे ही नावं आता पुसता येत नाहीत.

२०२१ मध्ये आणखी पुढची उडी घेतली गेली. कोस्टा रिकातल्या गांधीलमाश्यांच्या ४०३ नव्या प्रजाती एकाच लेखात, बहुतेकींचं वर्णन म्हणजे बारकोड आणि एक छायाचित्र. जगभरच्या वर्गीकरणतज्ज्ञांत मोठा वाद पेटला. आक्षेप रास्त आहे. फक्त अक्षरांच्या माळेवर नाव दिलं, तर प्रयोगशाळा नसलेल्या माणसाने ती माशी ओळखायची कशी? तरीही मी घाई करणाऱ्यांच्या बाजूने आहे. पायांवरचे केस मोजत एकेक वर्णन लिहायला आयुष्य जातं, आणि तेवढा वेळ हातात आहे का, हे पुढचं दृश्य सांगतं.

(दृश्य: रात्र. रानाच्या कडेला ताणलेली पांढरी चादर, मागे दिवा. १९८४ चं छायाचित्र, त्याशेजारी २०१९ चं.)

जागा तीच. पद्धत तीच. डावीकडे चादर पतंगांनी झाकलेली. उजवीकडे बरीचशी पांढरी.

या काळात हे जंगल कुणी तोडलेलं नाही. उलट जुन्या कुरणांवर ते पुन्हा वाढलं आहे. पण कोरडा काळ लांबला, उष्ण दिवस वाढले, पाऊस वेळ पाळेनासा झाला. अळीची वेळ आणि पालवीची वेळ जुळली नाही की एक पिढी उपाशी जाते. जॅन्झन आणि हालवॉक्स यांनी हे उघडपणे लिहिलं आहे. आधीची नोंद होती म्हणून आता कमी झाले असं म्हणता येतं. ज्या रानात कुणी मोजलंच नाही, तिथे काय काय गेलं?

(दृश्य: पुन्हा पडवी. सकाळ. एक बाई पिशव्या तपासत पुढे सरकते.)

ती रोज याच क्रमाने जाते. जुनं पान काढायचं, लेंड्या झटकायच्या, नवं पान घालायचं. एका पिशवीपाशी ती थांबते. आतला कोष फुटला आहे. वर, पिशवीच्या गाठीपाशी, काहीतरी पंख वाळवत बसलं आहे.

ती नंबर वाचते, खिशातली पेन्सिल काढते.

(आवाज: पिशवीची सळसळ. पाखरांचा कलकलाट. अंधार.)