शू करूनही सतत ओली

पाच-सहा वर्षांची मुलगी. शू वेळेवर सांगते, जाऊन नीट करूनही येते. तरी चड्डी ओलीच. बदलली, की तासाभरात पुन्हा ओली. घरचे म्हणतात, खेळाच्या नादात विसरते. जंताचं औषध देऊन होतं, संध्याकाळनंतर पाणी तोडून होतं, ओरडूनही होतं. आणि या पोरीची काहीएक चूक नसते.

रात्री अंथरूण ओलं करणारी मुलं दिवसाचे काही तास तरी कोरडी असतात. ही कधीच कोरडी नसते, आणि तरीही लघवीला नेहमीसारखी जाते. या दोन गोष्टी एकत्र ऐकल्या, की जाणत्या बालशल्यचिकित्सकाला शंका येते एक्टोपिक युरेटरची, म्हणजे भलतीकडे उघडलेल्या मूत्रवाहिनीची.

काही मुलींच्या एका मूत्रपिंडाचे जन्मतःच दोन भाग असतात, दोघांच्या नळ्या वेगळ्या. जर्मन पॅथॉलॉजिस्ट कार्ल वायगर्ट यांनी १८७७ मध्ये टिपलेला आणि पुढे मायर यांनी पक्का केलेला नियम सांगतो, की वरच्या भागाची नळी खाली उघडते. ती लघवी रोखणाऱ्या स्नायूच्याही खाली, मूत्रमार्गात किंवा योनीत उघडली, तर अडवायला काही उरतच नाही. मुलग्यांत ती या स्नायूच्या वरच उघडते, म्हणून ते असे ओले राहत नाहीत.

सोनोग्राफीत मूत्राशयामागे फुगलेली नळी दिसली, तर निदान सोपं. पण वरचा भाग खुरटून बोराएवढा राहिला असेल, तर तो निसटतो आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. पूर्वी आयव्हीपीचा, म्हणजे शिरेतून औषध देऊन काढलेल्या मूत्रपिंडांच्या एक्स-रेचा आधार असे. फुगलेल्या वरच्या भागात औषध जेमतेम उतरायचं, पण त्याच्या दाबानं खालचा भाग कललेला दिसायचा. रेडिओलॉजिस्ट त्याला मान टाकलेली लिली म्हणतात. न दिसणाऱ्या भागाचा पत्ता दिसणाऱ्याच्या कलण्यावरून लागायचा!

आता एमआर युरोग्राफी आहे, म्हणजे एमआरआयनं घेतलेलं मूत्रपिंडांचं आणि नळ्यांचं चित्र. क्ष-किरण नाहीत, लहानग्यांना हलू नये म्हणून भूल मात्र बरेचदा द्यावी लागते. मूत्र पांढरंशुभ्र उमटतं. पडद्यावर एक बारीक पांढरी रेघ दिसते. मूत्राशयाच्या मागून उतरली, आत वळली नाही, तशीच खाली गेली. हीच ती नळी.

डीएमएसए स्कॅनमधून, म्हणजे किंचित किरणोत्सारी औषध टोचून केलेल्या मूत्रपिंडाच्या तपासणीतून, त्या वरच्या भागाचं काम किती चालतं ते कळतं. चालत असेल तर नळी योग्य जागी जोडतात, नसेल तर तो भाग काढतात. गळती थांबते.

तुमच्या मुलीचं असं असेल, तर सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या: ‘लघवी नीट होते, तरी सतत ओली.’ म्हणजे तपासणारा मूत्राशयाच्या मागेही शोधेल.